फोटोतला लांडगा आणि फोटोबाहेरची मेंढरं

दर डिसेंबरात माझ्या इन्स्टाग्रामवर एकच लांडगा येतो. जनावरं वेगवेगळी असतात, फोटो काढणारेही वेगवेगळे असतात, पण फोटो एकच. कॅमेरा जमिनीला टेकवलेला. सूर्य मागून, संध्याकाळी साडेपाचचा. वाळलेल्या गवताच्या प्रत्येक कुसळाला सोनेरी कड. मागची सगळी दुनिया लोण्यासारखी वितळलेली. मधोमध लांडगा, आणि त्याची नजर थेट लेन्समध्ये. खाली भूत, सावली, राजा अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजी कॅप्शन, आणि लोकेशन बारामती नाहीतर इंदापूर.

असा एक फोटो माझाही आहे. जानेवारी 2023 मधला. माझ्या आजवरच्या सगळ्या फोटोंना मिळून जेवढे लाइक्स मिळाले नसतील तेवढे त्या एकट्याला मिळाले. ऑफिसमधल्या एकाने तो लॅपटॉपचा वॉलपेपर केला. हा लेख त्या फोटोबद्दल आहे. स्वतःच्या कामाची समीक्षा स्वतः करू नये म्हणतात, पण दुसऱ्या कुणाच्या फोटोबद्दल मला इतकी आतली माहिती नाही.

मी इंदापूर तालुक्यातला, पण कालव्याच्या बाजूचा. हे आमच्याकडे फार महत्त्वाचं असतं. नीरेचा डावा कालवा ब्रिटिशांच्या काळापासून वाहतोय. त्याच्या पाण्याखाली आलेला तो बागाईत, न आलेला तो जिराईत, आणि सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न हाच. आमच्या घरून ऊस दिसतो. कालव्याच्या वरच्या अंगाला माळ आहे एवढंच लहानपणी माहीत होतं. ‘माळावर काय आहे?’ असं विचारलं की ‘काय नाही’ हे उत्तर मिळायचं. पुढे इंजिनिअरिंग, मग हिंजवडीतली नोकरी, मग ईएमआयवर कॅमेरा आणि सेकंडहँड 150-600 लेन्स. तिथल्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं की तुझ्या तालुक्यात देशातले सर्वात सहज दिसणारे लांडगे आहेत. तो ठाण्याचा. माझ्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर काय राहतं ते मला ठाण्याच्या माणसाकडून कळलं.

तर फोटो. त्यात लांडगा आहे, मादी आहे, मान किंचित खाली घालून बघतेय. गवत आहे. बाकी काही नाही. फोटो बघून तुम्हाला वाटेल की क्षितिजापर्यंत असंच सोनेरी गवत असणार. आता त्या जागी काय काय होतं ते सांगतो. फ्रेमच्या डावीकडे, पन्नास-साठ पावलांवर, पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकतात तो खड्डा. मादी तिथूनच येत होती. उजवीकडे वनखात्याने पाणी मुरवायला खणलेले समतल चर आणि त्यांच्या बांधावर लावलेली गिरीपुष्पाची रोपं. मागे विजेच्या मोठ्या तारा, त्याच्या मागे एका कारखान्याची चिमणी. माझ्या पाठीशी माझी गाडी, आणखी दोन गाड्या, एक ड्रोन उडवू का म्हणून विचारणारा मुलगा. आणि फोटोत, म्हणजे मूळ फोटोत, वरच्या डाव्या कोपऱ्यात मेंढरं. सात-आठ असतील. फोकसबाहेर, पांढरे-काळे ठिपके. शेजारी एक काठी रोवलेली आणि तिला जाळी अडकवलेली.

ती मी काढून टाकली. फोनवर एका बोटाने. ज्या भागावर बोट फिरवाल तो भाग सॉफ्टवेअर पुसतं आणि शेजारचं गवत बघून तिथे नवं गवत रचतं. मी याच धंद्यातला आहे, ते कसं चालतं ते मला माहीत आहे, तरी दर वेळी गंमत वाटते. चार सेकंदांत मेंढरं गेली आणि तिथे सोनेरी धुकं आलं. त्यावेळी माझ्या मनात अपराधाचा लवलेशही नव्हता. ‘क्लटर’ काढला, बास.

लांडग्याच्या फोटोतली लबाडी हा तसा जुना विषय आहे. 2009 चं ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ हे जगातलं मोठं पारितोषिक होसे लुईस रोद्रिगेस या स्पॅनिश छायाचित्रकाराला मिळालं होतं. रात्रीच्या अंधारात एक लांडगा लाकडी फाटकावरून झेप घेतोय, असा अप्रतिम फोटो. काही महिन्यांत, जानेवारी 2010 मध्ये, परीक्षकांनी ते काढून घेतलं, कारण तो लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा असं त्यांचं मत झालं. रोद्रिगेसने ते कधी मान्य केलं नाही. मला यात खरा-खोटा लांडगा यापेक्षा त्या फाटकाचं कुतूहल वाटतं. फाटक म्हणजे आत गुरं आहेत, म्हणजे माणूस आहे, म्हणजे लांडग्याची आणि माणसाची काहीतरी भानगड आहे. तो फोटो निदान एक गोष्ट सांगत होता, खोटी का असेना. आमच्या बारामती-इंदापूरच्या फोटोत फाटकच नसतं.

इथे मराठीतल्या एका क्रियापदाकडे वळतो. टिपणे. बातमीत येतं, ‘छायाचित्रकाराने कॅमेऱ्यात अचूक टिपलं.’ शिकारकथेत येतं, ‘पहिल्याच बारात टिपला.’ पाखरं दाणे टिपतात, पदराने डोळे टिपतात, वहीत टिपण काढतात. इंग्रजीत बंदूक आणि कॅमेरा दोघांनाही ‘शूट’ लावतात यावर सुझन सॉन्टॅगपासून बऱ्याच लोकांनी लिहिलंय. मराठीत ही सोय आणखी मऊ आहे. ‘शूट’मध्ये निदान धडाका ऐकू येतो. ‘टिपणे’ मात्र इतकं अलगद आहे की त्यात कुणाला काही लागत असेल अशी शंकाच येत नाही.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे हा प्रवास पुण्याची बातमी करावी इतका नवा नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनअधिकारी 1927 मध्येच वाघांच्या देशात कॅमेरा घेऊन फिरण्यावर पुस्तक लिहून बसला होता. जिम कॉर्बेट नरभक्षकांवरची पुस्तकं लिहिण्याच्या आधीच सिनेकॅमेऱ्याच्या नादी लागला होता. मराठीत व्यंकटेश माडगूळकर. तरुणपणी बंदूक घेऊन रानं तुडवलेला हा माणूस पुढे नागझिऱ्यात वही आणि चित्रांचं सामान घेऊन बसला, आणि ‘सत्तांतर’मध्ये तर त्याने माणूस जवळपास बाजूलाच ठेवून वानरांच्या टोळ्यांची गोष्ट सांगितली. त्या पुस्तकाला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण हा प्रवास नेहमी प्रगती म्हणून सांगतो: आधी क्रूर होते, मग सुधारले. क्रौर्याच्या बाबतीत ते खरंच आहे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत भारतात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, त्यामागे सरकारी बक्षिसांची मोठी फूस होती. आज देशात उरलेल्या लांडग्यांचा अंदाज तीन हजारांच्या आसपास सांगतात. 1972 च्या कायद्याने लांडगा पहिल्या अनुसूचीत गेला नसता तर माझ्या लेन्ससमोर यायला कुणी उरलंच नसतं.

पण लेखन म्हणून बघितलं तर या प्रवासात एक गोष्ट हरवली आहे, आणि माझं म्हणणं तिच्याबद्दल आहे.

शिकारकथा कुठलीही घ्या, अगदी दिवाळी अंकातली सुमार घ्या. तिच्यातला तीन चतुर्थांश भाग जनावरापर्यंत पोचण्याचा असतो. कुणी खबर आणली, किती वाजता निघालो, वारा कुठून होता, कुठल्या ओढ्यात उतरलो, किती वेळ दबा धरून बसलो, डास कसे चावले, पहिला बार कसा फुकट गेला. बार शेवटी एका ओळीत होतो. म्हणजे शिकारकथा ही मुळात कृतीची कबुली असते. ‘मी हे असं केलं’ हे सांगितल्याशिवाय ती लिहिताच येत नाही. आपल्याला तिचा राग येतो तोही तिने सगळं सांगितलं म्हणूनच. तिचे दोष आहेत. हाकेवाले, वाटाडे, मचाण बांधणारे यांना बहुतेक वेळा नावही नसतं, ‘एक कातकरी’, ‘दोन ठाकर’ एवढ्यावर भागतं. पण ते असतात. पानावर उभे असतात.

फोटोत ‘कसं’ हे पुरतं गळून जातं. फक्त शेवटची ओळ उरते. जनावर आहे आणि ते तुमच्याकडे बघतंय, जणू ते आपणहून आलं आणि पोझ देऊन उभं राहिलं. मादीने माझ्याकडे का बघितलं? कारण मी गाडी तिच्या वाटेत आडवी घातली. ती चराच्या बांधावरून सरळ जाणार होती. एकाने पुढून गाडी नेली, मी मागून आलो, ती मधे थांबली, मी दार उघडून खाली आडवा झालो आणि अठरा फ्रेम्स काढल्या. लोक त्या नजरेला ‘सोलफुल’ म्हणाले. ती नजर ‘आता कुठून जाऊ?’ अशी होती.

वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचायला मिळाली तर वाचा. मी वकील नाही, टर्म्स अँड कंडिशन्स न वाचता ‘अ‍ॅग्री’ दाबणारा माणूस आहे, पण ही व्याख्या वाचून चपापलो. तिच्यात फक्त मारणं नाही. पकडणं आहे, पाठलाग आहे, फासे लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आहे, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्नही आहे. हाकारणं. मराठीत अगदी तंतोतंत शब्द आहे, आणि त्या संध्याकाळी दोन गाड्यांनी मिळून आम्ही जे केलं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

या सगळ्याची सर्वात बोचरी तुलना मला नंतर सुचली. याच मुलखात पारध्यांच्या काही टोळ्या गाय किंवा बैल शिकवून तयार करत. त्यांना गाय पारधीच म्हणत. हरणं माणसाला बुजतात, गाईला बुजत नाहीत. म्हणून पारधी गाईच्या आड राहून, तिच्या चालीने चालत कळपाच्या जवळ जायचा आणि फासे मांडायचा. आता वन्यजीव फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्कशॉपला जा. पहिला धडा: गाडीतून उतरू नका, जनावरं माणसाला बुजतात, गाडीला बुजत नाहीत. बोलेरो ही आमची गाय. तित्तिराची हुबेहूब शीळ घालून त्याला फाशाकडे बोलावणारा पारधी आणि ब्लूटूथ स्पीकरवर तित्तीर वाजवणारा आयटीवाला यांच्यात तंत्राचा फरक किती? फरक पुढे पडतो. पारध्याला 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. 1952 मध्ये तो कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की पोलिस आधी त्याच्या पालावर जातात. गिरीश प्रभुणे यांच्या ‘पारधी’ या पुस्तकाचा विषयच हा समाज आहे. मला मात्र त्याच कौशल्याच्या ढोबळ, डिझेलवर चालणाऱ्या नकलेबद्दल कंपनीच्या ‘टॅलेंट डे’ला प्रमाणपत्र मिळालं.

आता जे घडलं ते. मला हे लिहायचं नव्हतं, पण वर शिकारकथेच्या कबुलीजबाबाचं कौतुक केल्यावर स्वतःचा टाळता येत नाही.

फोटो काढला त्या जागेच्या जवळ मादीचं बीळ होतं. आमच्याकडचे लांडगे थंडीत वितात, जानेवारीत पिल्लं बिळाच्या तोंडाशी खेळायला लागलेली असतात. मला बीळ दिसलं होतं, त्याचेही फोटो मी घेतले होते. ते कुठे टाकले नाहीत. मुख्य फोटोला लोकेशन म्हणून फक्त ‘पुणे जिल्हा’ लिहिलं. आपण जबाबदार आहोत असं वाटत होतं. मग एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जवळच्या नऊ जणांच्या, एकाने मोठ्या साइजची फाइल मागितली. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं, म्हणून मी ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली. कॅमेरा फोनशी जोडलेला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली आतली माहिती व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फायलीला हात लावत नाही. त्या फायलीत अक्षांश-रेखांश होते. दिवसभर इतरांच्या कोडमधली डेटा गळती शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने हे केलं.

पुढच्या शनिवारी मी घरीच होतो. रविवारी गेलो तर बिळापासून हाकेच्या अंतरावर सहा गाड्या. त्यातला एक ओळखीचा निघाला, आनंदाने हात हलवला. गवत चाकांनी दाबून अंगणासारखं झालं होतं. बिळाच्या तोंडाशी कुणीतरी पाण्याची बाटली ठेवून दिली होती, बहुधा पिल्लांना तहान लागेल म्हणून, किंवा खूण म्हणून. लांडगे नव्हते.

चार दिवसांनी, मुद्दाम रजा काढून, मी परत गेलो. तिथे मेंढरांचा वाडा होता. मी ज्यांना खोडलं त्यांचाच, हे मला ती काठी आणि जाळी बघून कळलं. म्हातारे धनगर होते, सत्तरीचे असतील. मी नमस्कार केला, बसलो.

‘‘लांडगं बघाय आलाय व्हय पावणं?’’

‘‘हो आबा. पण दिसत नाहीत आता.’’

‘‘कशी दिसतील? त्यांनी पिलं हालावली. एकेक करून तोंडात धरून नेली, रातभर. पलीकडं, उसाच्या कडंला.’’ मग जरा थांबून, ‘‘उसाच्या कडंला कुत्री लई हायती.’’

मी विचारलं, लांडगा गेला तर तुम्हाला बरंच की? मेंढरं वाचली.

ते हसले. म्हणाले, ‘‘त्यो काय आज आलाय का? माझ्या आज्यापास्नं हाय. वर्साला चार-दोन कोकरं त्याची. आमी धरूनच चालतो. पर आता त्येला शनवार-रविवार कळाय लागलाय. गाड्या आल्या का दिवसाचं हिंडत न्हाई. मग रातचं येतो, अन् वाड्यावर येतो. दिवसा आला तर कुत्रं वरडतं, मी दगूड मारतो, त्यो पळतो. रातचं काय करणार?’’

हे मला कुठल्या लेखात सापडलं नसतं. आमच्या गाड्यांचा भार त्या म्हाताऱ्याच्या झोपेवर पडत होता. त्याच्या मेंढरांना फोटोतून घालवून मी थांबलो नव्हतो, त्यांची रात्रही आम्ही घालवली होती.

वाड्याभोवतीच्या त्या जाळीला वाघर म्हणतात. मी त्यांना नाव विचारलं तेव्हा कळलं. नंतर कोशात बघितलं तर संस्कृतात वागुरा म्हणजे हरणं पकडायचं जाळं. म्हणजे शिकारीचं जाळं आणि मेंढरं राखायचं जाळं, नावाचं मूळ एकच. एक आत येणाऱ्याला अडकवतं, दुसरं आतल्याला वाचवतं. या शब्दावर मी बराच वेळ खूश होतो, मग आठवलं की मी ती जाळीच खोडली होती.

माळ माणसांसकट कसा लिहायचा हे मराठीला माहीत नाही असं नाही. नीरा ओलांडून माळशिरसच्या पलीकडे गेलं की माणदेश लागतो, आणि त्या मातीत 1955 सालची ‘बनगरवाडी’ आहे. ती वाचताना आपण बहुधा मास्तराची शाळा, कारभारी, आनंदा रामोशी यांच्यातच रमतो. मी यावेळी ती माळासाठी वाचली. त्यात मोकळी जमीन कधीच रिकामी नाही. कुठे पाऊस पडला, कुठे चारा आहे, मेंढरं कुठवर नेता येतील, यावर वाडीचं सगळं जगणं टांगलेलं आहे, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा आपल्याला धक्का बसतो तो याचसाठी की तोवर माळ भरलेला होता. आमचे फोटो बनगरवाडीच्या शेवटापासून सुरू होतात. माणसं आधीच गेलेली. फक्त आमच्याकडे ती दुष्काळाने गेलेली नसतात, आम्ही सौंदर्यासाठी घालवलेली असतात.

आणि याचे परिणाम फोटोपुरते राहत नाहीत. सरकारच्या नकाशांत अशा माळांना बरीच वर्षं पडीक जमीन म्हणतात. पडीक म्हणजे इथे काही नाही, म्हणजे इथे काहीही करता येईल: झाडं लावा, एमआयडीसी आणा, सोलरचे पत्रे उभारा. आमचा फोटो या ‘काही नाही’ला विरोध करतो असं आम्हाला वाटतं. अर्धा करतो. तो म्हणतो, इथे लांडगा आहे. पण बाकी काही नाही, हे तो मान्यच करतो. कालव्याच्या बाजूला लहानपणी मला मिळालेलं उत्तर आणि माझा सर्वात गाजलेला फोटो यांच्यात फरक फक्त एका जनावराचा.

इथे मला आडवणारे मित्र आहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. ते म्हणतात, फोटो नसते तर या लांडग्यांना कुणी विचारलं असतं का? खरं आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य सोडलं तर या पट्ट्यातल्या गवताळ रानाची शहरात कुणाला फिकीर नव्हती. फोटोंनी ती आणली. 2024 मध्ये वनविभागाने इंदापुरातली कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली: आगाऊ नोंदणी, ठरलेले रस्ते, सोबत गावातला गाइड. वाटेल तिथे गाडी घालण्यापेक्षा हे हजारपट बरं. गावच्या पोरांना त्यात रोजगार आहे, त्याला नाक मुरडायचा मला, हिंजवडीत बसून, अधिकार नाही. एकच शंका आहे. तिकीट काढून आलेल्याला ‘साइटिंग’ लागतं, आणि ताडोबात वाघाभोवती जिप्सींचं काय होतं ते आपण बघितलंय. लांडग्याला तर लपायला झाडही नाही.

पण फोटोच्या बाजूचा सर्वात भारी पुरावा वेगळाच आहे. पुण्याच्या आसपासच्या माळांवर काही लोकांना लांडग्यांच्या कळपात एक विचित्र रंगाचं जनावर दिसलं. लांडगा म्हणावा तर पिवळट, कुत्रं म्हणावं तर चाल लांडग्याची. त्यांनी ते नोंदवलं, संस्थांपर्यंत पोचवलं, शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणी केली, आणि 2023 मध्ये शोधनिबंध आला: भारतात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा हा पहिला जनुकीय पुरावा. लांडग्यांना गोळीपेक्षा मोठा धोका आता गावकुत्र्यांचा असू शकतो, संकराचा आणि त्यांच्याकडून येणाऱ्या रोगांचा. ‘उसाच्या कडंला कुत्री लई हायती’ असं आबा म्हणाले होते ते हेच.

समीक्षक म्हणून माझं लक्ष त्या जनावराच्या दिसण्यावर अडकतं. आमच्या निकषांनी ते फेल होतं. सोनेरी गवतात ते उठून दिसलं नसतं, कॅप्शन काय लिहायचं कळलं नसतं, बहुतेकांनी डिलीट केलं असतं. मीही केलं असतं. माझ्या हार्डडिस्कवरून ‘लुक्स लाइक अ डॉग’ म्हणून किती फायली उडवल्या असतील देव जाणे. या माळावरचं सर्वात महत्त्वाचं जनावर हे ‘चांगल्या फोटो’त बसणारं नव्हतं. ज्यांनी बघितलं ते छायाचित्रकार म्हणून कसे होते मला माहीत नाही, बघणारे म्हणून फार चांगले होते. माडगूळकर वही घेऊन बसले होते तेव्हा ते हेच करत होते बहुधा. टिपण. टिपणेचा हा अर्थ मी वर ओझरता सांगून पुढे गेलो होतो.

मी फोटो काढायचं सोडलेलं नाही. लेन्सचे हप्ते फिटले, आता तर अजिबातच सोडणार नाही. विणीच्या दिवसांत जात नाही, एरवी गेलो तर रस्ता सोडत नाही, लोकेशन कॅमेऱ्यातच बंद केलंय. यात पुण्यकर्म काही नाही, एवढं सगळेच सांगतात.

मूळ फाइल मात्र मी शोधून काढली. रॉ फाइल तशीच होती, मेंढरांसकट. पुन्हा एडिट केली, यावेळी काही न पुसता. खरं सांगायचं तर फोटो म्हणून ती जरा घसरते. नजर कोपऱ्यातल्या ठिपक्यांकडे जाते, काठी तिरकी दिसते, मादीवरचा जोर कमी होतो. ‘गोष्ट आली म्हणून फोटो आपोआप चांगला झाला’ असं मी म्हणणार नाही, तसं होत नाही. पोस्ट केल्यावर पहिल्याच्या एक दशांशही लाइक्स आले नाहीत. एकाने विचारलं, ‘ब्रो, मेंढ्या क्लीन का नाही केल्या?’

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी आबा परत त्या भागात आले तेव्हा मी प्रिंट घेऊन गेलो. आधी त्यांना फोनवर जुना, गाजलेला फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, दोन बोटांनी मोठा केला. लांडगा बघितला नाही, मागचं गवत बघत होते.

‘‘कुठला म्हणायचा ह्यो माळ?’’

‘‘हाच की, आबा. इथलाच.’’

‘‘हॅट. हितं आमी न्हाई का बसलो?’’

मग प्रिंट दिली. ती त्यांनी बराच वेळ बघितली. काठी ओळखली, वाघर ओळखली, ठिपक्यांतली एक काळी मेंढी नावानिशी ओळखली. मला अजूनही ते कसं शक्य आहे कळत नाही. लांडगीबद्दल म्हणाले, ‘‘हीच ती. मागल्या पायानं जरा वडती.’’ अठरा फ्रेम्समध्ये मला ते दिसलं नव्हतं. घरी येऊन बघितलं. ओढतेय.

त्यांच्या नातवाने मला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला. मी पाठवला, यावेळी डॉक्युमेंट न करता. दोन दिवसांनी बघतो तर त्याने तो डीपीला लावलाय. डाव्या कोपऱ्यातला तुकडा कापून, मोठा करून. मेंढरं, काठी, वाघर. लांडगा क्रॉपमध्ये गेला.